भूकंप आणि शेजारधर्म
(धायरी येथील महोत्सव-सभेत एका भगिनीने केलेले भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मला झाली, तेव्हा मनाला मोठा संकोच वाटला. मी वक्ती नव्हे, विदुषी तर नव्हेच. संसार करणारी एक सामान्य गृहिणी आहे. परंतु जपानात असताना आमच्या कुटुंबाने जो महाभूकंप अनुभवला, त्याविषयी सांगावे, असा मंडळींचा आग्रह पडला. आनंदाच्या दिवशी संकटाची कथा कशाला, असे कोणाच्या मनात येईल तर त्यात नवल नाही. तथापि 'शेजारी' या शब्दाचा अर्थ मला देवालयातील प्रवचनांनी जितका शिकवला, तितकाच त्या दिवसांनी शिकवला. आणि धर्मग्राम म्हणजे तरी शेजाऱ्यांचा समुदाय नाही तर दुसरे काय? म्हणून ही कथा आजच्या दिवसाला अगदीच विसंगत ठरणार नाही, अशी आशा आहे.

जपान हा देश आपणा मराठी ख्रिस्ती लोकांस सर्वस्वी परका नाही. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हौतात्म्य पत्करले. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर १५९६ मध्ये, क्योतो शहराच्या परिसरात भयंकर भूकंप होऊन तेथील सत्ताधीश हिदेयोशी याचा फुशिमी येथील किल्ला ढासळला. संत गोन्सालो त्या काळी त्याच मुलखात सेवा करीत होते, आणि डिसेंबरात तेथेच त्यांना अटक झाली. पुढे 'निरोप्या' मासिकाचे संस्थापक आणि पुण्याचे महागुरुस्वामी हेन्री डोरिंग यांची १९२१ मध्ये जपानातील हिरोशिमा येथे नेमणूक झाली. १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्यास आले. मधल्या काळात, १ सप्टेंबर १९२३ रोजी, टोकियो व योकोहामा ही शहरे भूकंपाने व त्यामागून उसळलेल्या आगीने उद्ध्वस्त झाली आणि एक लाखाहून अधिक माणसे दगावली. धक्का बसला तो भर दुपारच्या जेवणाच्या वेळी. घरोघर चुली पेटलेल्या होत्या. भूमीच्या हादऱ्याने मेले त्यांहून कितीतरी अधिक लोक अग्नीने मेले. तो दिवस जपानी लोक विसरले नाहीत. १९६० पासून १ सप्टेंबर हा त्यांचा आपत्ती-निवारण दिन आहे, आणि त्या दिवशी शाळांतून, कचेऱ्यांतून व मोहल्ल्यांतून संकटकाळी काय करावे याची तालीम होते.

आता आमच्याविषयी. माझे यजमान संगणकाच्या व्यवसायातील. त्यांच्या नोकरीनिमित्त आम्ही टोकियोच्या पूर्व भागातील एदोगावा विभागात, निशि-कासाई येथे राहत होतो. सन २००० च्या सुमारापासून तेथे भारतीय कुटुंबांची चांगली वस्ती झाली आहे. आमचे बिऱ्हाड आठव्या मजल्यावर होते. कन्या सात वर्षांची, तेथील सरकारी प्राथमिक शाळेत जाणारी. चिरंजीव अवघे नऊ महिन्यांचे. शेजारच्या दारात एक वृद्ध जपानी बाई एकट्याच राहत. दोन वर्षांत आमचा परिचय इतकाच, की उद्वाहकात भेट झाली म्हणजे दोघींनी मान लववायची. त्यांचे दार मी एकदाही ठोठावले नव्हते. सणासुदीला ताटे पाठवली ती मराठी घरांत. जवळच्या भिंतीपलीकडे कोण आहे, याची विचारपूस केली नाही. हे सांगताना मला आजही लाज वाटते.

११ मार्च २०११ हा शुक्रवार होता. राखेचा बुधवार होऊन दोनच दिवस झाले होते. दुपारचे पावणेतीन वाजले होते. बाळ निजले होते आणि मी शेगडीवर वरण ठेवले होते. प्रथम पाण्याचा पेला किणकिणला. जपानात लहानसहान धक्के नित्याचेच, म्हणून मी लक्ष दिले नाही. परंतु तो धक्का थांबेना. क्षणाक्षणाला वाढत गेला. फडताळाची दारे उघडून भांडी खाली येऊ लागली आणि सबंध इमारत वादळात सापडलेल्या गलबताप्रमाणे डोलू लागली. मी बाळाला उचलले आणि जेवणाच्या मेजाखाली शिरले. 'नमो मरिये' ही प्रार्थना ओठांवर होती; पण ती पुरी म्हटल्याचे मला आठवत नाही. पुन्हा पुन्हा आरंभच होत होता. तो हादरा काही मिनिटांचा होता म्हणतात. मला तो एका संबंध रात्रीएवढा वाटला.

धक्का जरा ओसरतो तोच दारावर थापा पडल्या. पाहते तो शेजारच्या आजीबाई! डोक्यावर शिरस्त्राण, पाठीला पिशवी, हातात विजेरी. "दायजोबु?" त्यांनी विचारले, म्हणजे "सुखरूप आहात ना?" मग त्या आत आल्या. दार पुन्हा लागू नये म्हणून त्यांनी उंबऱ्यात एक जोडा अडकवला. भूकंपात चौकट वाकली की दार उघडत नाही, आणि माणूस आत अडकून पडतो. शेगडी पाहिली. गॅस आपोआप बंद झाला होता, कारण तेथील गॅसमापकालाच मोठ्या हादऱ्यात प्रवाह तोडण्याची योजना केलेली असते. उद्वाहक थांबला होता. आजीबाईंनी माझी पिशवी घेतली, मी बाळाला छातीशी बांधले, आणि आठ मजल्यांचे जिने उतरून आम्ही शाळेकडे निघालो. त्यांचे वय पंचाहत्तरीच्या पुढचे होते.

शाळेच्या पटांगणात मुले रांगेत बसली होती. तेथील मुलांच्या खुर्चीवर एक गादी असते. ती उलटली की तिची कापसाची कुंची होते, आणि ती डोक्यावर ओढून मुले मेजाखाली बसतात. माझ्या मुलीच्या डोक्यावर ती कुंची होती. मला पाहताच ती रडली नाही. जवळच्या मुलाचा हात धरून बसली होती. तो सोडावा की नाही, हे तिला समजेना. पालक स्वतः आल्याखेरीज एकाही मुलाला सोडायचे नाही, असा शाळेचा नियम होता. बाईंनी नाव विचारले, यादीवर खूण केली, आणि मगच मुलगी माझ्या स्वाधीन केली.

यजमान शिंजुकू येथील कचेरीत होते. आगगाड्या बंद पडल्या, दूरध्वनी लागेना. त्या रात्री टोकियो व आसपास सुमारे पन्नास लाख माणसे घरापासून दूर अडकून पडली होती. यजमान पायी निघाले. ते सांगतात, की रस्त्याने माणसांचा लोटच्या लोट चालला होता, पण कोणी कोणाला ढकलले नाही. दुकानदारांनी पाणी पुढे केले, शौचगृहे उघडी ठेवली. पंधरा किलोमीटरांहून अधिक चालून ते मध्यरात्रीनंतर घरी पोहोचले. तोवर आजीबाई आमच्याकडेच बसून होत्या, आणि त्यांच्या मांडीवर माझी मुलगी निजली होती.

आम्ही वाचलो होतो. परंतु उत्तरेस काय झाले, ते त्या रात्री दूरचित्रवाणीवर पाहिले. भूकंपाची तीव्रता ९ होती. समुद्र उठून गावांवर चालून आला होता. जवळजवळ १६ हजार माणसे मृत्युमुखी पडली व अडीच हजारांचा पत्ता लागला नाही. त्यांतील बहुतेक बुडून गेली. त्यात फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्राचे संकट उभे राहिले. ते आमच्यापासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरांवर होते. १२ तारखेस तेथे पहिला स्फोट झाला. ओळखीची कुटुंबे एकामागून एक भारतात परतू लागली. आम्ही मात्र तिकिटे, पारपत्रे आणि यजमानांचे काम यांच्या घोळात अडकलो.

१३ तारखेस उपवासकाळातील पहिला रविवार होता. गाड्यांचे खरे नव्हते, म्हणून आम्ही घरीच शुभवर्तमान वाचले. त्या दिवशीचा पाठ अरण्यातील मोहाचा होता. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतान प्रभूला सुचवतो, आणि देवाची परीक्षा पाहू नये, असे उत्तर प्रभू देतो. हा पाठ मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी प्रथमच तो मला उमगला. देवावर भिस्त ठेवणे आणि हात जोडून स्वस्थ बसणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

२३ मार्च रोजी नवे संकट आले. आमच्या भागाला पाणी पुरवणाऱ्या कानामाची केंद्राच्या पाण्यात किरणोत्सारी आयोडीन लहान बाळांसाठी ठरलेल्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक आढळले, आणि एक वर्षाखालील मुलांना नळाचे पाणी देऊ नये, असे सरकारने जाहीर केले. घटकाभरात दुकानांतून बाटलीबंद पाणी नाहीसे झाले. दुसऱ्या दिवसापासून सरकारने प्रत्येक बाळामागे तीन बाटल्या वाटल्या. परंतु त्या सायंकाळी माझ्या घरात बाळाचे दूध कालवण्यास शुद्ध पाणी नव्हते. मी चार दुकाने हिंडून रिकाम्या हाताने परतले. जिन्याशी आजीबाई उभ्या होत्या. त्यांनी काही विचारले नाही. आपल्या घरातून सहा मोठ्या बाटल्या आणून त्यांनी माझ्या उंबऱ्यात मांडल्या. मी नको नको म्हणत होते, तेव्हा त्यांनी खुणांनी व मोडक्या इंग्रजीत मला समजावले, की मोठ्यांना नळाचे पाणी चालते, आणि आपल्या वयाला तर भिण्याचे कारणच नाही.

त्या बाटल्यांवर मी तारीख पाहिली. त्या भूकंपानंतर घेतलेल्या नव्हत्या. कित्येक महिने आधी भरून ठेवलेल्या होत्या. बंधुभगिनींनो, मला सांगायचे आहे ते एवढेच. त्या बाईंचे प्रेम त्या सायंकाळी उत्पन्न झाले नाही. कोणावर काय प्रसंग येईल, हे ठाऊक नसताना ज्या दिवशी त्यांनी पाणी भरून ठेवले, त्याच दिवशी त्याचा आरंभ झाला होता. दहा कुमारिकांच्या दाखल्यात शहाण्या कुमारिकांनी तेल बरोबर घेतले, पण ते दुसऱ्यांना पुरण्याजोगे नव्हते. आजीबाईंची शिदोरी एका परक्या बाळाला पुरली. ज्याने आधी साठवले, तोच आयत्या वेळी देऊ शकतो. पूर्वतयारी हीही प्रीतीच आहे.

मार्चअखेर मी मुलांना घेऊन पुण्यास आले. निरोप घेताना आजीबाईंना तोंड दाखवणे मला जड गेले. आम्हांला जाण्यास घर होते, त्यांना नव्हते. मे महिन्यात परतलो, तेव्हा आमच्या सज्जातील कढीपत्त्याचे रोप त्यांच्या दारात हिरवेगार उभे होते. पुढे आम्ही तेथे होतो तोवर प्रत्येक सणाचे पहिले ताट त्यांच्याकडे जाई.

देवाने असे का होऊ दिले, हा प्रश्न माझ्या मुलीनेही विचारला. त्याच वर्षी उत्तम शुक्रवारी परमगुरुस्वामी सोळावे बेनेडिक्ट यांना इटलीच्या दूरचित्रवाणीवरून जपानातील एका सात वर्षांच्या मुलीने हाच प्रश्न केला होता. मलाही हाच प्रश्न पडतो, आपल्यापाशी त्याचे उत्तर नाही. परंतु ख्रिस्ताने निर्दोष असून तुमच्याप्रमाणेच दुःख सोसले आणि देव तुमच्या बाजूस आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. माझ्या लेकीला मी तेच सांगितले. भूकंप ही पापाची शिक्षा होय, असे म्हणणारे प्रत्येक काळात निघतात. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने कोसळली, तेव्हा देवालये भाविकांनी भरलेली होती. जे प्रार्थनेत होते तेच दगडाखाली सापडले. शिलोहाचा बुरूज पडून जे अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक पापी होते काय, असे प्रभूनेच विचारले आहे, आणि नाही, असे त्याचे उत्तर आहे. तेव्हा मेलेल्यांचा न्याय करणे आपले काम नव्हे. जगलेल्यांनी शहाणे होणे, हे आपले काम.

भूकंप थांबवणे मनुष्याच्या हाती नाही. परंतु मनुष्यहानी पुष्कळ अंशी त्याच्या हाती आहे. त्याच दिवशी जपानच्या कामाइशी नगरात मोठ्या शाळेची मुले धक्का थांबताच उंचावर धावली, त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुले निघाली, मोठ्यांनी लहानांचे हात धरले, आणि दोन्ही शाळांतील त्या वेळी हजर असलेली पाचशेंहून अधिक मुले वाचली. त्यांनी वर्षानुवर्षे तालीम केली होती. इशिनोमाकी येथील ओकावा शाळेत मात्र मुलांना सुमारे पन्नास मिनिटे पटांगणातच थांबवून ठेवले गेले. टेकडी शाळेला लागूनच होती. तेथील ७४ मुले व १० शिक्षक गेले. समुद्र दोन्हीकडे तोच होता.

आपण महाराष्ट्रात आहोत, आपल्याला काय भय, असे कोणी म्हणू नये. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, तेव्हा पुण्यातही लोक अंथरुणातून उठून बाहेर धावले. कोयना येथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारी व भोवतालची गावे जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे झोपेतच गेली. तो भूकंप जपानच्या भूकंपापुढे फारच लहान होता. माणसे मारली ती दगडमातीच्या जाड भिंतींनी व त्यांवरच्या जड माळवदांनी. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत नव्या बहुमजली इमारती पडल्या. त्यांतील कित्येकांच्या तळमजल्यावर मोटारी ठेवण्यासाठी भिंतींवाचून नुसतेच खांब उभे होते. आपल्या धायरीकडे डोळे उघडून पाहा. शेतांचे गाव होते, ते आपल्या डोळ्यांदेखत मजल्यांचे नगर झाले. २०१७ मध्ये ते पुणे महानगरपालिकेत गेले. आपणांपैकी किती जण तशाच खांबांवर निजतो? खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या मनुष्याचा दाखला आपण लग्नात वाचतो. पण घर विकत घेताना अभियंत्याला दोन प्रश्न विचारत नाही.

म्हणून या महोत्सवाच्या निमित्ताने माझी नम्र विनंती आहे. प्रत्येक घरात काही दिवस पुरेल इतके पिण्याचे पाणी, विजेरी, नेहमीची औषधे व महत्त्वाची कागदपत्रे एका ठिकाणी असावीत. जड कपाटे भिंतीस जखडून टाकावीत. धक्का बसला की जिन्याकडे वा उद्वाहकाकडे न धावता भक्कम मेजाखाली बसून डोके झाकावे, हे लहानांस शिकवावे. आपली इमारत जाणत्या अभियंत्याकडून तपासून घेण्याचा विषय गृहसंस्थेच्या सभेत काढावा. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्या मजल्यावर कोण वृद्ध एकटे आहे, कोणाच्या घरी तान्हे बाळ आहे, कोण अंथरुणास खिळले आहे, याची माहिती प्रत्येक घराला असावी. तो शेजारी ख्रिस्ती आहे की हिंदू, मुसलमान आहे की बौद्ध, हे विचारण्याचे कारण नाही. आजीबाईंनी मला माझा धर्म विचारला नव्हता. त्या स्वतः ख्रिस्ती नव्हत्या. परंतु दयाळू शोमरोनी कोण, हे मला त्यांच्यामुळे समजले. दाखल्यातील जखमी वाटसरूच्या जागी त्या वेळी मीच होते.

सिंहगड रस्त्याने शहरात जाताना आपण सर्वांनी पुणे-ओकायामा मैत्री उद्यान पाहिले असेल. त्याच्या फाटकावरून जाताना मला दर वेळी आठव्या मजल्यावरचा तो उंबरा आणि त्यावरील सहा बाटल्या आठवतात. माझा तो बाळ आता वयात येत आहे. आमच्या धायरीच्या घरी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवण्याचे व तारखा पाहून त्या बदलण्याचे काम त्याच्याकडे आहे. तो त्या घरच्या माणसांच्या गरजेपेक्षा सहा अधिक भरतो. ही सहा कोणासाठी, असे त्याला कोणी विचारले, तर तो सांगतो, "अजून ठाऊक नाही."

प्रभू आपल्या धर्मग्रामास सर्व संकटांतून राखो, आणि संकट आलेच, तर आपल्यापैकी प्रत्येकाला शेजाऱ्याच्या दारावर पहिली थाप मारण्याची बुद्धी देवो, एवढी प्रार्थना करून आपली रजा घेते.